घरचा कर्णा : घसा केवढा असावा ?

कोंकणांत डोंगराच्या एका कुशींतून पलीकडच्या वाडीवरील माणसास हांक मारावयाची झाली, तर हांक मारणारा आपल्या दोन्ही तळहातांची ओंजळ तोंडाभोंवतीं धरतो. हें त्यास कोणी शिकविलेलें नसतें. गळ्यांतला जोर तोच असतो, पण हांक वहाळापलीकडे स्पष्ट पोहोंचते, आणि ती कोणास मारली आहे हेंहि ऐकणारास कळतें. कर्ण्याचें सर्व शास्त्र या ओंजळींत सांठविलेलें आहे. तिचें माप कसें ठरवावें, एवढेंच या लेखांत आम्ही सांगणार आहों. कारण तें माप चुकल्यामुळें आमचें एक सबंध वर्ष फुकट गेलें, आणि त्या वर्षाची किंमत आमच्या घरांतील एका वृद्ध माणसास द्यावी लागली.

आमचे तीर्थरूप आज ८४ वर्षांचे आहेत. लांज्याच्या आमच्या घरीं दिवेलागणीनंतर माजघरांत तासभर नाट्यसंगीताच्या तबकड्या लावण्याचा परिपाठ त्यांनींच पाडलेला. बालगंधर्वांचें गाणें त्यांनीं लहानपणीं शेजारच्या घरीं कर्ण्याच्या ग्रामोफोनवर प्रथम ऐकलें, आणि पुढें पगारांतून थोडे थोडे पैसे बाजूला टाकून तबकड्या जमविल्या. अलीकडे गाणें चालू असतां ते नातीस वारंवार विचारूं लागले, "काय म्हणाला ग तो ?" मग विचारणें थांबलें, आणि कांहीं दिवसांनीं ते माजघरांत येईनासेच झाले. कारण विचारलें तेव्हां म्हणाले, "आवाज येतो रे, शब्द येत नाहींत. नुसत्या गलबल्यांत बसून काय करूं ?" आम्हीं आवाज वाढविला. त्यासरशीं त्यांनीं कानांवर हात ठेवले, मुलें पुस्तकें घेऊन ओटीवर गेलीं, आणि मातुश्रींनीं देवघराचें दार लोटून घेतलें.

कानांच्या डॉक्टरांनीं तपासून सांगितलें तें असें : वयोमानानें कान मंदावतो, तो सर्व ध्वनींना सारखा मंदावत नाहीं. वरच्या, म्हणजे अधिक कंपनांच्या, ध्वनींची जाण प्रथम जाते. शिवाय अशा कानास हळू आवाज ऐकूं येत नाहीं, पण मोठा आवाज मात्र निरोगी कानाइतकाच, क्वचित् अधिकच, टोंचतो. यामुळें नुसता आवाज वाढविणें हा इलाज नव्हे. त्यांनीं दिलेलें श्रवणयंत्र तीर्थरूप बोलण्याचालण्यास आनंदानें वापरतात. गाण्याच्या वेळीं मात्र काढून ठेवतात. ही गोष्ट आरंभींच सांगतों, कारण कर्ण्यानें कान बरा होतो असा कोणाचा ग्रह होऊं नये. कर्ण्यानें होतें तें इतकेंच कीं, कानाकडे जें जावयाचें तें वाटेंत न विसकटतां जातें.

आतां शब्द राहतात कोठें ? टेलिफोनच्या तारेवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदास तितक्या कंपनांचा, एवढाच पट्टा पाठविण्याचा जुना प्रघात आहे, आणि तेवढ्यांत माणसाचें बोलणें समजतें. स्वरांचा जोर या पट्ट्याच्या खालच्या भागांत असतो; व्यंजनांची ओळख वरच्या भागांत आणि त्याच्याहि वर असते. 'स' आणि 'फ' यांची टेलिफोनवर गल्लत होते, ती त्यांचा बराच भाग ३४०० च्या वर राहून जातो म्हणून. तेव्हां हा मधला पट्टा स्वच्छ झाला कीं शब्दांचें बहुतेक काम झालें.

आमच्या माजघरांत तो स्वच्छ राहत नव्हता. खालीं शहाबादी फरशी, भोंवतीं गिलाव्याच्या भिंती, वर कौलें, आणि चार महिने त्या कौलांवर रत्नागिरी जिल्ह्याचा पाऊस, जो वर्षाकांठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पडतो. साधा ध्वनिक्षेपक आवाज चोहोंकडे फेंकतो. तो भिंतींवरून व फरशीवरून परतून एकमेकांत मिसळतो, आणि एका अक्षराचें शेपूट दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर येऊन पडतें. कर्णा आवाजाला दिशा देतो. ऐकणाराकडे सरळ येणारा भाग त्यानें वाढतो, आणि भिंतींवरून फिरून येणारा कमी होतो.

कर्ण्याचा दुसराहि एक गुण आहे. लहानसा पडदा मोकळ्या हवेंत हालला तर हवा त्याच्या कडेनें निसटते. वल्ह्याऐवजीं नुसत्या काठीनें होडी हांकावी तसें होतें. कर्ण्याच्या अरुंद घशांत हवेस निसटावयास जागा नसते, म्हणून पडद्याला तिच्यावर नीट जोर देतां येतो. आणि पुढें कर्णा हळूहळू रुंदावत तो जोर बाहेरच्या हवेच्या स्वाधीन करतो. सनईच्या चिमुकल्या पत्तीचा सूर देवळाच्या आवाराबाहेर जातो, त्याचें एक कारण तिचें रुंदावत गेलेलें नळकांडें व पितळी तोंड हेंच होय.

या रुंदावण्याचें गणित आर्थर गॉर्डन वेब्स्टर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९१९ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यापूर्वीं, १९०२ मध्यें, कलकत्त्यास गोहरजानचें गाणें तबकडीवर घेतलें गेलें तें विजेशिवाय, कर्ण्यासमोर गाऊन. ध्वनिमुद्रणांत वीज आली ती १९२५ मध्यें. १९२६ मध्यें बेल प्रयोगशाळेंतील वेंटे व थुरास यांचें ५५५ क्रमांकाचें यंत्र चित्रपटगृहांतील कर्ण्यांच्या मागें बसलें. आपल्याकडे प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्यें मराठी बोलूं लागला, तो याच कर्ण्यांच्या युगांत. पुढें १९४६ मध्यें पॉल क्लिप्श यांनीं खोलीच्या कोपऱ्यालाच कर्ण्याचा भाग करणारा घरगुती ध्वनिक्षेपक बाजारांत आणला. म्हणजे घरांत कर्णा ही नवी कल्पना नव्हे.

कर्ण्याच्या मागें जें यंत्र बसतें त्यास बाजारांत 'ड्रायव्हर' म्हणतात. हा शब्द कानीं पडतांच लांज्याच्या वाचकास महामार्गावरील एस. टी. चा ड्रायव्हर आठवेल, आणि तुलना अगदींच चुकीची नाहीं; गाडी कितीहि चांगली असली तरी ती नेणारा तोच. ड्रायव्हर मुख्यतः दोन जातींचे. पहिला बंदिस्त, ज्याचा पडदा धातूचा अथवा कडक वस्त्राचा, आणि पडद्यासमोर अरुंद फटींचा एक गोळा बसविलेला असतो. पडद्याच्या क्षेत्रफळाच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढ्या फटींतून हवा दाबून बाहेर निघते. यांत पावणेदोन इंची पडदा व १ इंची घसा, तसेंच ४ इंची पडदा व २ इंची घसा, अशा जोड्या सर्रास मिळतात. दुसरा ड्रायव्हर म्हणजे आपला नेहमींचा कागदी शंकूचा, ४-५ इंची, ज्यास कर्ण्याचा घसा आपण स्वतः जोडावयाचा.

आमची चूक अशी झाली. 'मोठें तें चांगलें' या समजुतीनें आम्हीं मुंबईस लॅमिंग्टन रस्त्यावरून २ इंची घशाचा एक जाडजूड ड्रायव्हर आणला. इकडे चित्रावरून १ इंची घशाचा लांकडी कर्णा अगोदरच कातून घेतला होता. दोहोंमध्यें एक लांकडी कडें घालून आम्हीं सांधा केला. म्हणजे २० चौरस सेंटिमीटरांच्या मार्गानें निघालेला ध्वनि अर्ध्या इंचाच्या आंत एकदम ५ चौरस सेंटिमीटरांत कोंबला, आणि मग त्यास रुंदावयास सांगितलें. ज्या ठिकाणीं मार्गाचें क्षेत्रफळ असें अकस्मात् बदलतें तेथून ध्वनीचा कांहीं भाग माघारा फिरतो. कांहीं सूर डोक्यावर घण घालावा तसे येत, कांहीं नाहींसेच होत. पत्र्याच्या डब्यांत तोंड घालून कोणी गावें असा तो प्रकार होता. तीर्थरूप मोठ्या आशेनें येऊन बसले, आणि दहा मिनिटांनीं "पुरे" एवढेंच म्हणून उठले. पुढें वर्षभर ते माजघरांत आले नाहींत. दोष यंत्राचा नव्हता, कर्ण्याचाहि नव्हता. दोघांचें लग्न आम्हीं पत्रिका न पाहतां लावलें होतें.

त्यानंतर जें शिकलों त्याचें सार इतकेंच : घसा प्रथम ठरवूं नये. प्रथम ऐकावयाचा पट्टा ठरवावा, मग कर्ण्याचें तोंड व रुंदावण्याचा वेग, मग ड्रायव्हर. आणि घशाचें माप त्या ड्रायव्हरालाच विचारावें.

पट्टा आम्हीं ४५० ते ४००० हर्ट्झ असा धरला. त्याखालचें काम पेटींतील मोठ्या ध्वनिक्षेपकाकडे, वरचें एका लहान 'ट्वीटर'कडे. हेतु हा कीं, शब्दांचा गाभा एकाच मुखांतून यावा. कर्णा आपल्या अगदीं तळच्या सीमेजवळ उंचसखल वाजतो, म्हणून त्याच्याकडून दीडपट ते दुपटीच्या वरच काम घ्यावें. यास्तव आम्हीं तळची सीमा २५० हर्ट्झ योजिली. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४५ मीटर जातो. तेव्हां २५० हर्ट्झची लहर १३८ सेंटिमीटर लांब. मोकळ्यावर ठेवलेल्या कर्ण्याच्या तोंडाचा परीघ या लांबीएवढा असावा, म्हणजे व्यास सुमारें ४४ सेंटिमीटर. आणि २५० च्या सीमेसाठीं कर्ण्याचें क्षेत्रफळ दर ७.६ सेंटिमीटरांस दुप्पट झालें पाहिजे. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी : या दोन्ही मापांत घशाचा संबंध नाहीं. घसा लहान केला म्हणून कर्णा खालचे सूर देऊं लागत नाहीं. तो नुसता लांब होतो.

आतां ड्रायव्हर. शंकूच्या ड्रायव्हराबरोबर हल्लीं आंकड्यांचा एक कागद येतो. ही पद्धत ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील यांनीं १९६१ मध्यें घालून दिली, रिचर्ड स्मॉल यांनीं ती वाढविली, आणि कील नांवाच्या अमेरिकन अभियंत्यानें १९७७ मध्यें ती कर्ण्यास लावून दाखविली. त्या कागदावरील तीन आंकडे आपल्या कामाचे : पडद्याची स्वतःची कंपनसंख्या; 'क्यू', जो चुंबक जितका जोरदार तितका लहान असतो; आणि पडद्याच्या लवचिकपणाएवढ्या हवेचें आकारमान, लिटरांत. या तिहींचा गुणाकार करून त्यास ०.१८ नें गुणलें असतां घशाचें योग्य क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरांत मिळतें. आमच्या ५ इंची ड्रायव्हराचे आंकडे ११०, ०.३० आणि ४. गुणाकार १३२, त्याचे ०.१८ पट म्हणजे सुमारें २४ चौरस सेंटिमीटर, अर्थात् साडेपांच सेंटिमीटर व्यासाचा गोल घसा. पडद्याचें क्षेत्रफळ ८८ होतें. म्हणजे हवा पावणेचार पटींहून कमीच दाबली जाते. कागदी शंकूनें चारपटीहून अधिक दाब सहसा सोसूं नये. तो आपल्याच जागीं मुरडूं लागतो.

त्याच कागदावरून आणखी एक परीक्षा करतां येते. पहिल्या आंकड्याच्या दुपटीस क्यूनें भागावें. आमच्या ड्रायव्हरास २२० भागिले ०.३०, म्हणजे सुमारें ७३० येतात. इतक्या हर्ट्झच्या वर पडद्याचें वजन आड येऊं लागतें व जोर हळूहळू उतरतो. कर्णा वरचे ध्वनि अधिक अरुंद झोतांत पाठवितो, म्हणून समोर बसणारास ती उणीव बरीच भरून निघते. परंतु हा भागाकार ४०० च्या खालीं आला तर तो ड्रायव्हर कर्ण्यास घेऊं नये. हलका पडदा आणि जोरदार चुंबक, हीच येथें कुलीनता. पाठीवर छापलेल्या वॉटांकडे पाहण्याचें कारण नाहीं. कर्ण्यानें दहा डेसिबल वाढले कीं विजेची शक्ति एकदशांश पुरते. माजघरास एक वॉटहि फार होतो.

घसा २४ आला हें आमचें भाग्यच म्हणावयाचें, कारण हिशेब अगदीं सरळ झाला. दर ७.६ सेंटिमीटरांस क्षेत्रफळ २४, ४८, ९६, १९२, ३८४, ७६८ आणि १५३६. व्यास अनुक्रमें ५.५, ७.८, ११.१, १५.६, २२.१, ३१.३ आणि ४४.२ सेंटिमीटर. सहा दुपटींत काम संपलें, आणि कर्ण्याची लांबी ४६ सेंटिमीटरांच्या आंत राहिली. १ इंची घशापासून याच तोंडापर्यंत जावयाचें तर ६३ सेंटिमीटर लागले असते, २ इंचीस सुमारें ४७.

मग १ इंची किंवा २ इंची बंदिस्त ड्रायव्हर वाईट का ? मुळींच नाहीं. लहान घशाचा गुण असा कीं, त्यांतून अति वरचे ध्वनि नीट निघतात. घशाचा व्यास लहरीच्या लांबीएवढा झाला कीं त्यापुढें ध्वनि घशांतच आडवातिडवा होऊं लागतो. १ इंची घशास ही वेळ सुमारें १३,५०० हर्ट्झवर येते, २ इंचीस ६,८०० वर, आमच्या साडेपांच सेंटिमीटरांस ६,३०० च्या आसपास. पण पावणेदोन इंची पडदा फार हालूं शकत नाहीं, म्हणून १ इंची ड्रायव्हरास ८०० हर्ट्झच्या खालीं उतरवूं नये. शब्दांचा गाभा मग दोन मुखांत विभागला जातो. २ इंची ड्रायव्हर ५०० पासून उत्तम चालतो, पण तो महाग, वजनदार, आणि त्यास त्याच्याच मापाचा घसा हवा. लहान घशांत हवा फार दाबली जाऊन सूर फाटतो अशी भीति घालण्यांत येते. ती मंडपांतल्या कर्ण्यास खरी आहे. माजघराच्या आवाजास ती लागू पडत नाहीं.

बांधणीस कातारी नको. जाड प्लायवुडच्या सात कड्या वरील व्यासांच्या कापाव्या, चार उभ्या पट्ट्यांवर अंतरा-अंतरानें बसवाव्या, आणि आंतून गुळगुळीत पुठ्ठ्याचा सांचा धरून वरून कागदाच्या पट्ट्या खळीनें थरावर थर चिकटवाव्या. लंडनच्या ई. एम. जी. कारखान्यानें १९३० च्या सुमारास आपल्या नामांकित ग्रामोफोनांचे कर्णे कागदाच्या लगद्याचेच केले होते. आणि कागदी लगद्याचे गणपति करणाऱ्या आपल्या लोकांस हें काम नवें नाहीं. पुस्तकें बांधणारे खळींत मोरचूद घालतात तसा घालावा, म्हणजे कसर लागत नाहीं. मात्र मोरचूद विषारी असल्यानें मुलांस दूर ठेवावें. कर्णा बोटभर जाड झाला, पूर्ण वाळला, कीं आंतून-बाहेरून तैलरंगाचे दोन हात द्यावे. हें काम उन्हाळ्यांतच उरकावें. मृगानंतर लांज्यास कागद वाळत नाहीं.

चार सावधगिऱ्या. घशाच्या सांध्यांत पायरी राहूं नये. बोट फिरवून पाहावें, बोट अडलें तर ध्वनीहि अडेल. शंकू व घसा यांमधली पोकळी होईल तितकी लहान असावी, कारण तेथली हवा उशीसारखी दबून वरचे ध्वनि गिळते. एक लहानसा लांकडी शंकु मध्यें बसविल्यास ती भरून निघते. ड्रायव्हराच्या पाठीमागें हवाबंद डबी असावी. आमच्या मापास सुमारें ६०० घन सेंटिमीटर. आणि खालचे सूर ड्रायव्हरापर्यंत जाऊं नयेत यासाठीं तारेंत कपॅसिटर घालावा; ८ ओहमच्या ड्रायव्हरास ४५० हर्ट्झवर तो सुमारें ४४ मायक्रोफॅरडचा येतो, व ४००० वरील ट्वीटरास ५ चा.

कर्णा पुरा झाला तेव्हां आषाढ लागला होता. पाठ असलेल्या गाण्यावर परीक्षा करण्यांत अर्थ नसतो. कान थांबला तरी स्मरण पुढें चालतें. म्हणून तीर्थरूपांनीं कधीं न ऐकलेल्या एका कीर्तनाचें मुद्रण आम्हीं लावलें. आवाजाचें बटण पूर्वीच्या निम्म्यावरहि नव्हतें. ते दारांतच उभे राहिले. मग आंत येऊन कर्ण्यासमोरच्या पाटावर बसले. कौलांवर पाऊस चालूच होता. बुवा पूर्वरंगांतला एक अवघड शब्द बोलून गेले, आणि नात त्यांच्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, काय म्हणाले ते ?"

त्यांनीं तिला शब्द सांगितला, त्याचा अर्थ सांगितला, आणि पुढचें ऐकूं येईना म्हणून तिला गप्प बसविलें.